कार्डाचं देणं आधी, की फ्रिजचे पैसे?

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात सांगतो. यजमान खासगी कंपनीत, पतपेढीची कपात जाऊन हातात 62,000 येतात. ताईंच्या शिकवण्यांचे 14,000. घरकर्ज 21 लाख बाकी, व्याज 8.9 टक्के, हप्ता 24,600. पर्सनल लोन 1,80,000 बाकी, 15 टक्के, 8,730 चे 24 हप्ते राहिलेत. क्रेडिट कार्डावर 1,40,000 थकलेत. त्यात दर महिन्याला 8,000 भरतात, पण किराणा आणि मोबाईलची बिलं मिळून 3,000 पुन्हा त्याच कार्डावर जातात. कंपनीच्या पतपेढीचं जुनं कर्ज 40,000, त्याची 3,000 कपात. बँकेत 50,000 ची एफडी. महिनाअखेर अडीच हजार उरतात, तेही कुठे जातात कळत नाही. फ्रिज 13 वर्षांचा, वॉशिंग मशीन 9 वर्षांचं, बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरतंय, आणि सोसायटीत मोठ्या दुरुस्तीची वर्गणी निघायची चर्चा आहे. यजमान म्हणतात, "कार्ड संपेपर्यंत एक रुपया बाजूला टाकायचा नाही." ताई म्हणतात, "मग फ्रिज बंद पडला की परत कार्डच घासायचं ना?"

ताई, यजमानांचं गणित बरोबर आहे आणि तुमची भीतीही खरी आहे. दोघं भांडताय कारण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलीय, की कार्डाचं कर्ज कार्डावरच राहणार आणि तिथूनच फेडायचं. ते तिथून हलवलं की हा वाद बराचसा मिटतो. कसा ते सांगतो.

माझी सगळी नोकरी कर्मचारी पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. अर्जात 'कर्जाचे कारण' असा रकाना असतो. त्यात लोक डोळे झाकून 'घरगुती अडचण' लिहितात. समोर बसवून विचारलं की कळायचं, अडचण म्हणजे गिझर फुटलाय, बाथरूमचा दरवाजा खालून कुजलाय, सिंकखालचं प्लायवूड पावसाळ्यात फुगून आलंय. आता गिझर आठ-दहा वर्षांनी जाणार हे काय आधी माहीत नसतं? आजारपण, नोकरी जाणं, अपघात ही अडचण. फ्रिज जाणं हे येणारं बिल आहे, फक्त त्यावर तारीख छापलेली नसते. तुमच्या कार्डावरचे 1,40,000 कशाकशाचे आहेत ते जुनी स्टेटमेंट काढून बघा. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त रक्कम अशाच बिलांची निघेल. म्हणून वस्तू बदलण्याचे पैसे बाजूला न टाकता कार्ड फेडत बसलात, तर ते कार्ड दोन वर्षांत पुन्हा भरलेलं दिसेल. तुमचं म्हणणं ते हेच.

आता यजमानांची बाजू. कार्डाचं व्याज बँकेगणिक महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. 1,40,000 वर ते 4,900 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 882. एकूण 5,782. तुम्ही भरता 8,000, म्हणजे मुद्दल फिटते 2,218. आणि नवी खरेदी 3,000 ची. थोडक्यात, दर महिन्याला 8,000 भरूनही कर्ज पावणेआठशेने वाढतंय. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानदाराला कार्ड दिलं त्या दिवसापासून तांदळावर आणि डाळीवर व्याज चालू. हे व्याज 30 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा कायदा येऊन दर खाली आणेल या आशेवर राहू नका.

या दरात 30,000 रुपये फ्रिजसाठी बाजूला ठेवले तर काय होतं? त्या तीस हजारांवर कार्ड महिन्याला जीएसटीसकट 1,239 रुपये घेतं आणि बँक तुम्हाला फार तर दीडशे देते. म्हणजे तयारी ठेवण्याची किंमत महिन्याला हजार-अकराशे. यजमान चिडतात ते यावर, आणि चिडायलाच हवं.

पण हेच कर्ज साडेदहा टक्क्यांच्या जागी नेऊन ठेवलं तर? मग 30,000 बाजूला ठेवण्याची किंमत महिन्याला सव्वाशेच्या आत येते. शंभर-सव्वाशे रुपयांत फ्रिजची धास्ती जात असेल तर मी तरी ते आनंदाने मोजीन. म्हणून 'आधी काय' हे ठरवण्यापूर्वी कर्ज स्वस्त करून घ्या.

आणि त्याची सोय तुमच्या दारात आहे, यजमानांची पतपेढी. तुम्ही लिहिलंय की जामीनदार मागायला त्यांना लाज वाटते. ताई, त्यांना माझा निरोप द्या. जामीनदार म्हणून सही करणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःही कुणाला तरी जामीन ठेवूनच बसलेला असतो. गिरण्यांच्या काळापासून मुंबईतला नोकरदार असाच एकमेकांच्या सह्यांवर उभा राहिलाय. आणि वसुली पगारातूनच होते, सहकार कायद्याच्या कलम 49 नुसार मालकाला कपात करून द्यावी लागते, त्यामुळे जामीनदाराच्या अंगावर सहसा काही येत नाही. नोकरी सोडून कुणी पळालं तरच पंचाईत.

तर पतपेढीत जाऊन जुनं कर्ज वळतं करून 1,90,000 च्या नव्या कर्जाचा अर्ज करा. त्यातले 40,000 जुन्या खात्याला जातील, 1,40,000 कार्डाला, आणि वरचे 10,000 दोन कारणांसाठी. एक, बऱ्याच पतपेढ्या कर्ज देताना त्यातूनच थोडी रक्कम भाग भांडवलात घेतात. ती बुडत नाही, वर्षाला लाभांश मिळतो, पण हातात येणारी रक्कम कमी होते आणि माणूस ऐनवेळी तोंडघशी पडतो. दुसरं कारण कार्डाच्या शेवटच्या व्याजाचं, ते पुढे सांगतो. साडेदहा टक्के आणि 48 महिने धरले तर कपात साधारण 4,870 होईल. आज 3,000 आहे, म्हणजे पगारातून 1,870 जास्त जातील. पण कार्डाचे 8,000 भरायचे थांबतील. किराणा-मोबाईलचे 3,000 आता रोखीने द्यावे लागतील, ते वजा करा. उरले 3,130. आधीचे अडीच हजार मिळवा. महिन्याला 5,600 झाले, आणि हे सगळं पगार एका रुपयाने न वाढता.

पतपेढीने पूर्ण रक्कम दिली नाही तर? मुदत, मर्यादा, पगाराच्या किती पट, हे प्रत्येक संस्थेच्या पोटनियमांवर असतं. एक लाखच मिळाले तर उरलेल्यासाठी बँकेचं सोनेतारण बघा, साधारण 9 ते 12 टक्क्यांत मिळतं. पण त्यात एक मेख आहे. बरीच सोनेतारण कर्जं वर्षाच्या शेवटी एकरकमी फेडायची असतात. वर्ष संपलं की लोक नुसतं व्याज भरून पुढे ढकलतात, असं करत पाटल्या वर्षानुवर्षं तिजोरीत पडून राहतात. हप्त्याने फेडायचं सोनेतारण मागा. तेही जमलं नाही तर एफडीतले तीस हजार मोडून कार्डात भरा. साडेसहा टक्के देणारी एफडी शाबूत ठेवून कार्डाला पन्नास टक्क्यांच्या घरातलं व्याज भरणं मला कधीच पटलेलं नाही. पतपेढीने पूर्ण दिलं तर मात्र एफडीला या कामासाठी हात लावू नका, ती दुसरीकडे लागणार आहे.

कार्ड फेडताना एक बारीक गोष्ट. स्टेटमेंटवर 1,40,000 दिसतात म्हणून तेवढे भरले, सुटलो म्हणून पेढे वाटले, आणि पुढच्या महिन्यात दोन-तीन हजारांचं बिल आलं की लोक हादरतात. ती बँकेची लबाडी नाही. स्टेटमेंट निघाल्याच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. म्हणून भरायच्या दिवशी बँकेला फोन करून 'आज खातं शून्य करायला किती' ते विचारा आणि पुढचं बिलही शून्याचं येईपर्यंत लक्ष ठेवा. नंतर मर्यादा कमी करून 25,000 वर आणायला सांगा, आणि किराण्याच्या, जेवणाच्या, टॅक्सीच्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाका. बंदच करायचं ठरलं तर अर्जानंतर 7 कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं. बाकी शून्य असूनही उशीर केला तर दिवसाला 500 रुपये दंड तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. आणि मधल्या काळात 'अर्ध्यात सेटलमेंट करून देतो' असा फोन आला तर गोड आवाजाला भुलू नका. सेटल केलेलं खातं पत अहवालात तसंच नोंदलं जातं, 'फेडलं' असं नाही. तुमचं पुढचं कुठलंही कर्ज त्याने महागेल.

आता घराकडे येऊ. माझा आग्रह, फ्रिजच्याही आधी बाथरूम. फ्रिज बंद पडला तर दूध नासेल. पाणी मुरत राहिलं तर स्लॅबमधली सळई गंजेल, खालच्यांचं छत पडेल आणि तो खर्चही तुमच्या नावावर येईल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) गच्चीची गळती सोसायटीची, पण घरातल्या संडास-बाथरूमची गळती ज्याची त्याने स्वखर्चाने काढायची. मात्र लगेच लाद्या फोडायला बसू नका. आधी एवढं करा. सुट्टीच्या दिवशी नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, बाथरूममध्ये बोटभर पाणी साठवा, नळ कुठलाही चालू करू नका, आणि रात्रभर तसंच ठेवा. पाण्यात थोडी नीळ घाला. खालच्यांच्या छतावर ओल वाढली किंवा निळसर डाग आला, तर फरशीचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. काहीच झालं नाही, तर बोळा काढून पाणी जाऊ द्या आणि लगेच खाली जाऊन बघा. तेव्हा ठिबकलं तर दोष ट्रॅपच्या जोडात किंवा निचऱ्याच्या पाइपात. यातलं काहीच नसेल आणि ओल सतत तेवढीच असेल, तर भिंतीतली, नळाला पाणी आणणारी दाबाची लाइन गळतेय. जुन्या इमारतींत ती जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाची असते आणि आतून गंजून जाते. या तीन दुखण्यांचा खर्च वेगवेगळा आहे. नुसते सांधे भरणं तीन-चार हजारांत होतं, लाद्या काढून पूर्ण वॉटरप्रूफिंग करायचं तर वीस-पंचवीस हजारांना मरण नाही. चाचणी न करता कंत्राटदाराला बोलावलंत तर तो दुसरंच सांगणार, त्याचाही संसार आहे.

हे काम एफडीतून करा, आणि पावसाळ्याआधी. ओल्या हवेत सांधे नीट सुकत नाहीत. दिवाळीचा बोनस आला की एफडी पुन्हा भरून काढायची. खाली पंचवीस हजार तरी कायम राहू द्या, तो पैसा आजारपणाचा, वस्तूंचा नव्हे.

मग वस्तूंचे पैसे. एक वही घ्या. घरात फिरून प्रत्येक वस्तूचं वय, अजून किती महिने चालेल याचा प्रामाणिक अंदाज आणि आजची किंमत लिहा. किमतीला महिन्यांनी भागा. तुमच्या घराचा माझा अंदाज असा: फ्रिज 28,000, दीड वर्ष, म्हणजे महिन्याला साधारण 1,555. वॉशिंग मशीन 22,000, अडीच वर्षं, 733. गिझर 8,000, दोन वर्षं, 333. गाद्या 15,000, तीन वर्षं, 417. एक मोबाईल 15,000, दोन वर्षं, 625. मोबाईल लोक या यादीत धरतच नाहीत आणि सगळ्यात आधी तोच पडतो. बेरीज 3,660 च्या आसपास. मिक्सर, इस्त्री, पंखा असल्या लहान वस्तू यात धरू नका, त्या घरखर्चातून होतात.

हे पैसे पाच डब्यांत पाच नावांनी ठेवायची गरज नाही. एकच खातं. कारण पाचही वस्तू एकदम जात नाहीत. फ्रिज आठव्या महिन्यात गेला तर तोवर खात्यात 29,000 जमलेले असतील, फ्रिज येईल, गाद्यांचं पुढे बघू. पहिले सात-आठ महिनेच जोखमीचे आहेत. त्या काळात फ्रिज गेला तर दुकानातल्या बिनव्याजी हप्त्यांकडे न वळता पतपेढीचं तातडीचं कर्ज घ्या. बहुतेक पतपेढ्यांत ते लहान रकमेचं आणि दोन-चार दिवसांत मिळणारं असतं. तुमच्या भिशीचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, महिना 1,000 आणि बारा जणी. नंबर चिठ्ठीने निघत असला तरी बायका आपसात अदलाबदल करतात, हे मला ठाऊक आहे. फ्रिज गेलाच तर नंबर मागून घ्या. बारा हजार अचानक उभे राहतात आणि व्याज शून्य.

बिनव्याजी हप्त्यांचं विचाराल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी दडवलेलं असतं. कुठे दडतं? रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही, प्रोसेसिंग फी लागते, आणि व्याजाची रक्कम सूट म्हणून आधी वळती केली तरी त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडूनच जातो. रक्कम फार मोठी नसते, हजार-दोन हजार. मला त्यापेक्षा भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची: हप्त्यावर घेताना 28,000 चा फ्रिज बघायला गेलेलं माणूस 41,000 चा घेऊन येतं, कारण 'महिन्याला फक्त हजारच जास्त'.

दुरुस्ती की नवा, याचा माझा ठोकताळा असा. वस्तूचं दोन तृतीयांश आयुष्य झालं असेल आणि दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर दुरुस्ती करू नये. 13 वर्षांच्या फ्रिजला नवा कॉम्प्रेसर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पण दाराचं रबर सैल झालं असेल तर ते नक्की बदला. दारात दहाची नोट धरून दार लावा, ओढल्यावर ती अलगद निघून आली तर थंडावा तिथून जातोय. रबराचा खर्च हजारभर, आणि त्यावर आणखी वर्ष-दीड वर्ष ढकलता येतं. मेकॅनिक 'गॅस भरतो' म्हणाला तर 'गेला कुठून' ते विचारा. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, गळतो. गळती न शोधता भरलेला गॅस चार महिन्यांत पुन्हा जातो आणि अडीच-तीन हजार घेऊन जातो. वॉशिंग मशीनचा पट्टा, ड्रेन पंप बदलून घ्या. सर्किट बोर्ड गेला तर नवीन मशीनचा विचार करा. गिझरचं आयुष्य पाण्यावर आहे. पालिकेचं तलावाचं पाणी मऊ, त्यावर गिझर पुष्कळ चालतो. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर वर्षाआड क्षार काढून घ्या.

नवा फ्रिज घेताना ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते महावितरणच्या बिलातल्या दराने गुणून बघा. पाच तारे आणि तीन ताऱ्यांमधला फरक किती वर्षांत वसूल होतो ते दुकानातच कळेल. चार वर्षांहून जास्त लागत असतील तर तीन तारे घ्या. आणि 'जीएसटी उतरलाय, आत्ताच घ्या' असं विक्रेता म्हणाला तर हसून सोडा. 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आले ते एसी आणि मोठे टीव्ही. फ्रिज आणि वॉशिंग मशीन 2018 पासूनच 18 टक्क्यांत आहेत.

हे खातं कुठे ठेवायचं? पगाराच्या बँकेत नको, आणि यूपीआयला जोडू नका. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप पैसे वळते होतील असं. पंधरा-वीस हजारांवर गेलं की वरच्या पैशांची सहा-सहा महिन्यांची एफडी. नाक्यावरची पतसंस्था एखादा टक्का जास्त देते म्हणून तिकडे जाऊ नका. ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही, 2020 पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थांना तो नाही. (कर्ज पतपेढीतून घ्या आणि ठेव बँकेत ठेवा, हे माझ्याच तोंडून ऐकायला विचित्र वाटेल, पण कर्ज घेताना जोखीम संस्थेची असते.) आणि विमा असला तरी पैसा लगेच हातात येत नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या वेळी, फेब्रुवारी 2025 मध्ये, पहिले काही दिवस काहीच नाही. आता विम्याचे पैसे 90 दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, पण बंद पडलेला फ्रिज तीन महिने थांबत नाही. म्हणून या छोट्या पैशासाठी मोठी, कंटाळवाणी बँक बरी.

5,600 पैकी 3,660 इकडे गेले. उरलेले 1,900 सोसायटीच्या दुरुस्तीसाठी. इथे आणखी हजार रुपये मिळवायची एक जागा आहे, तुमचं घरकर्ज. 8.9 टक्के म्हणजे बहुधा जुन्या पद्धतीचा दर लागू आहे. 2025 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेल्या कर्जांना तो लाभ तीन महिन्यांच्या आत मिळतो, जुन्यांना रखडत मिळतो किंवा मिळतच नाही. बँकेत अर्ज देऊन रेपोशी जोडलेल्या दरावर बदली मागा, थोडी फी लागेल. 8 टक्के झाले तर उरलेल्या तेवढ्याच मुदतीत हप्ता साधारण हजाराने उतरतो. बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, आणि एरवी मीही तेच सुचवलं असतं. तुम्ही मात्र आत्ता हप्ता कमी करून मागा. निवडीचा हक्क तुम्हाला आहे. घरकर्ज लवकर फेडण्याची घाई तुमच्या यादीत सगळ्यात शेवटी.

सोसायटीबद्दल. 'मोठी दुरुस्ती निघणार' एवढं ऐकून घाबरू नका, चिटणीसांना तीन गोष्टी विचारा: स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालंय का, सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत) किती आहेत, दुरुस्ती निधीत किती. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला 0.25 टक्के सिंकिंग फंडात आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधीत जमायला हवेत. प्रत्यक्षात मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून वर्षानुवर्षं नाममात्र रक्कम घेतात आणि मग एकदम पाऊण लाखाची वर्गणी काढतात. सर्वसाधारण सभेला जा आणि हप्ते मागा. एकट्याने मागायला संकोच वाटत असेल तर मजल्यावरच्या दोघांना बरोबर घ्या, सभेत गप्प बसलेल्या निम्म्या लोकांना हप्तेच हवे असतात. आणि मेंटेनन्स मात्र थकवू नका. बऱ्याच सोसायट्यांच्या उपविधींत थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत व्याज लिहिलेलं असतं, म्हणजे ते तुमच्या पर्सनल लोनपेक्षाही महाग कर्ज झालं.

मुलुंडमध्ये आहात म्हणजे रिडेव्हलपमेंटची कुजबुज इमारतीत असणारच. त्या भरवशावर लोक दहा-दहा वर्षं गळकी घरं तशीच ठेवतात, तेही चूक. आणि काही जण ही कुजबुज चालू असतानाच दोन लाखांचं नवं किचन बसवतात, तेही चूक. करारावर सह्या होईपर्यंत गळती, वायरिंग, नळ यांत कसूर नको. भिंतीला ठोकून बसवायच्या नव्या गोष्टी मात्र थांबवा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन भाड्याच्या घरातही बरोबर येतात.

पर्सनल लोनचं वेगळं काही करू नका, चालू द्या. वस्तूंच्या खात्यात 30,000 झाले आणि वर काही आलं, बोनस, शिकवण्यांचे उन्हाळी वर्ग, तर त्यातून थोडं आधी फेडता येईल. त्याआधी करारपत्र काढून मुदतीपूर्वी फेडण्याचा आकार बघा. ठरावीक दराच्या पर्सनल लोनवर तो बऱ्याचदा दोन ते पाच टक्के असतो, आणि शेवटचे पाच-सहा महिनेच उरले असतील तर वाचणारं व्याज आणि हा आकार जवळपास सारखेच निघू शकतात. दोन वर्षांनी ते संपलं की महिन्याचे 8,730 मोकळे होतील. त्यातले सहा हजार पतपेढीच्या कर्जात जादा भरा, तिथे सहसा दंड नसतो. बाकीचे वस्तूंच्या खात्यात.

पतपेढीत जाण्याआधी यजमानांना एवढं सांगा: बहुतेक संस्थांत कर्ज समितीची बैठक महिन्यातून एक-दोनदाच होते आणि अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून तारीख विचारून घ्या. शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, दोन्ही जामीनदारांची पगारपत्रकं आणि कार्डाचं ताजं स्टेटमेंट जोडा. सगळ्या कपाती जाऊन हातात पगाराचा किती भाग उरला पाहिजे याचा नियम असतो, तो जामीनदारांच्या बाबतीतही तपासतात; सही घेण्यापूर्वीच त्यांना विचारा, नाहीतर अर्ज त्यांच्यामुळे परत येतो आणि मग संकोच दुप्पट. आणि 'कर्जाचे कारण' या रकान्यात 'घरगुती अडचण' न लिहिता 'क्रेडिट कार्डाची बाकी फेडणे' असं स्वच्छ लिहा. मी समितीसमोर अर्ज ठेवायचो तेव्हा असे अर्ज चर्चेविना मंजूर व्हायचे. काही पतपेढ्या तर धनादेश थेट कार्डाच्या बँकेच्या नावाने देतात. तसा मागून घ्या, म्हणजे मधल्या दोन दिवसांत त्या पैशाला पाय फुटत नाहीत.